औषधांच्या खिडकीमागे दुसरा माणूस हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सरकारी रुग्णालयांतल्या गर्दीवर आपल्या दैनिकात मजकूर आला, त्यासोबत औषध खिडकीसमोरच्या रांगेचा फोटो होता. खाली ओळ होती, 'संथ कारभारामुळे रुग्ण ताटकळले'. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात औषध निर्माण अधिकारी आहे. फोटो आमच्या रुग्णालयाचा नव्हता, पण जाळी तशीच, खिडकी तशीच आणि रांगही तशीच होती. तापाने फणफणलेले पोर कडेवर घेऊन जी बाई तासभर उभी राहते, तिला चिडायचा पूर्ण हक्क आहे, हे आधीच सांगते. रांग कमी व्हायलाच हवी. पण ती कमी करायची म्हणजे नेमके काय करायचे, हे जाळीच्या आत काय चालते ते कळल्याशिवाय ठरवता येणार नाही. म्हणून हे पत्र.

केसपेपर हातात आला की गोळ्या काढण्याआधी मी तो वाचते. नाव, वय, तक्रार काय, आज काय लिहिले, मागच्या वेळी काय लिहिले होते. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावे, असा नियम २०१६ पासून आहे. आमचे डॉक्टर मनापासून काम करणारे आहेत, पण दुपारी एकपर्यंत दीडशे-दोनशे पेशंट बघणाऱ्या माणसाचे अक्षर शेवटी शेवटी कसे होणार? तेव्हा वाचणे हे काम माझे. शंका आली तर केसपेपर घेऊन डॉक्टरांच्या खोलीत जायचे, विचारायचे, परत यायचे. तेवढा वेळ खिडकीवर कोणी नसते. बाहेरून एवढेच दिसते की बाई उठून गेली.

लहान मुलांच्या तापाच्या औषधाचेच उदाहरण घ्या. पॅरासिटामॉल बाटलीत दोन प्रकारांनी येते. सिरपमध्ये ५ मि.लि.ला १२५ मि.ग्रॅ. औषध असते, काही सिरप २५० चेही असते. ड्रॉप्समध्ये मात्र एका मि.लि.मध्येच १०० मि.ग्रॅ. असते. मुलाला डोस वजनावर द्यायचा, दर किलोला १० ते १५ मि.ग्रॅ. म्हणजे नऊ किलोच्या बाळाला साध्या सिरपचा एक चमचा पुरतो. घरात थोरल्या बाळाची ड्रॉप्सची बाटली शिल्लक असली आणि आईने 'एक चमचा' एवढेच लक्षात ठेवले, तर तोच चमचा ५०० मि.ग्रॅ.चा होतो, म्हणजे चौपट. पॅरासिटामॉलचा असा डोस दिवसातून तीन-चार वेळा गेला तर यकृतावर बेतते. म्हणून केसपेपरवर मुलाचे वजन नसेल तर मी आईला आधी वजनकाट्याकडे पाठवते. "आता परत तिकडं कुठं पाठवताय, सकाळधरनं उभी हाय," असे ती म्हणते, आणि तिचे खरेच असते. तरी पाठवते. मग बाटलीच्या झाकणाच्या मापावर पेनाने रेघ मारून देते. "इथपर्यंत, ह्याच्या वर नाही. आणि घरात जुनी बाटली असेल तर ती आणून दाखवा." याला दोन मिनिटे जातात. ही दोन मिनिटे 'संथ कारभार' या शब्दांत मोजली जाऊ नयेत, असे मला मनापासून वाटते.

दुसरे उदाहरण साखरेच्या गोळीचे. ग्लिमेपिराइड १ मि.ग्रॅ.ची येते आणि २ मि.ग्रॅ.चीही. एकाच कंपनीचा पुरवठा आला की दोन्ही स्ट्रिप एकाच रंगाच्या, एकाच आकाराच्या असतात, आकडा तेवढा बारीक अक्षरात बदललेला. खोक्यातून काढताना डावीकडची की उजवीकडची, एवढाच फरक. सत्तरीच्या माणसाला दुप्पट गोळी गेली, त्या दिवशी तो नीट जेवला नाही, तर साखर एकदम उतरते. घाम फुटतो, बरळायला लागतो, घरचे म्हणतात म्हातारपण आले. आमच्या स्टोअरमध्ये मी या दोन मात्रा मुद्दाम वेगवेगळ्या कपाटांत ठेवल्या आहेत आणि २ मि.ग्रॅ.च्या खोक्यावर लाल पट्टी चिकटवली आहे. हीच गत इन्शुलिनची. आपल्याकडे कुपीतले इन्शुलिन बहुतेक करून मि.लि.ला ४० युनिटचे असते, त्याची सिरिंज लाल टोपीची. १०० युनिटवाल्याची सिरिंज केशरी टोपीची. सिरिंजांची अदलाबदल झाली की डोस अडीचपट इकडे नाहीतर तिकडे होतो. म्हणून कुपी देताना मी सिरिंजही बघायला मागते.

एक आजी दर महिन्याला बीपीची गोळी न्यायला येतात. मध्यंतरी अशक्तपणाची तक्रार घेऊन आल्या होत्या, केसपेपरवर व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहिल्या होत्या. पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढून त्यांनी खिडकीत ठेवली, "ह्यातल्या कुठल्या बंद करू का?" म्हणून. पिशवीत आमची टेल्मिसार्टन ४० होती आणि तालुक्याच्या एका खासगी डॉक्टरांनी दिलेली दुसऱ्या नावाची स्ट्रिपही होती. मी उलटून पाहिले तर आतले औषध तेच, टेल्मिसार्टन ४०.

"आजी, ह्या दोन्ही घेता?"

"घेते की. सकाळी तुमची, रातच्याला त्येंची."

"उठताना चक्कर येते?"

"डोळ्यापुढं अंधारीच येती. म्हनून तर आले."

मी त्यांना तिथेच बाकावर बसवले, बीपी मोजून घ्यायला सिस्टरला हाक मारली आणि पिशवीसकट परत डॉक्टरांकडे पाठवले. एक गोळी बंद झाली, अंधारी थांबली. तेवढ्या वेळात मागून तीन-चार जण ओरडत होते, "ओ मॅडम, आटपा की, यष्टी जाईल." त्यांनाही मी दोष देत नाही. त्यांच्या गावाला दिवसातून दोन गाड्या. मुद्दा असा की आजींनी ती पिशवी डॉक्टरांसमोर उघडली नव्हती, माझ्यासमोर उघडली. रुग्ण रुग्णालयातून बाहेर पडण्याआधी शेवटचा माणूस मी असते, आणि बऱ्याच जणांना तिथेच बोलायचा धीर होतो. बायकांना तर विशेष. पाळी, अंगावरून जाणे, नवऱ्याचे पिणे, सगळे या जाळीतून कानावर येते. आणि मेट्रोनिडाझोल या जंतुसंसर्गावरच्या गोळीचा कोर्स चालू असताना पिऊ नका, हे त्या नवऱ्याला सांगायचे कामही माझ्याकडेच येते.

आता खिडकी बंद का दिसते, ते सांगते. आमच्याकडे खिडकी, वॉर्डचा पुरवठा, औषधांचे स्टोअर, नोंदी आणि साठ्याच्या 'ई-औषधी' या संगणक प्रणालीवरची भरती, हे सगळे माझ्या एकटीकडे आहे. दुसरे पद मंजूर आहे, पण रिकामे आहे. पावसाळ्यात सर्पदंशाचा पेशंट आला की हातातले सगळे टाकून स्टोअरकडे पळावे लागते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर चालणारी लस आपल्याकडे एकच आहे, आणि विष भिनल्याची लक्षणे असली की सुरुवातीलाच दहा कुप्या लागतात. पावडरच्या रूपातल्या असतात, त्या विरघळवायला वेळ जातो. एकाच रात्री दोघे आले तर पुरतील एवढ्या कुप्या कायम हाताशी ठेवायच्या, संपायच्या आधी मागणी पाठवायची, मुदत जवळ आलेल्या दुसऱ्या रुग्णालयाला द्यायच्या आणि तिथून मागवायच्या. हे कोणत्याही फोटोत येत नाही.

विंचवाचेही तसेच. लाल विंचू चावल्यावर हृदयावर जो घात होतो, त्यावर प्राझोसिनची साधी स्वस्त गोळी लागू पडते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिले आणि कोकणातले, आपल्याकडचे कितीतरी जीव त्यामुळे वाचले. पण ही गोळी दोन प्रकारची मिळते. बीपीसाठी जी मिळते ती बहुतेक वेळा हळूहळू विरघळणारी, 'एक्सएल' लिहिलेली. विंचवाला ती कामाची नाही, तिथे लगेच गुण देणारी साधी गोळी हवी. खरेदीच्या यादीत नुसते 'प्राझोसिन' लिहिले की कधीकधी एक्सएल येते. कागदावर साठा दिसतो आणि रात्री दोन वाजता घामाने भिजलेले, हातपाय गार पडलेले पोर समोर आले की हाताशी काही नसते. म्हणून खोके उघडून गोळीवरची अक्षरे वाचून घेतल्याशिवाय मी पावतीवर सही करत नाही. एकदा पुरवठादाराच्या माणसाने "मॅडम, नाव तेच आहे, सही करा, गाडी थांबलीय" म्हणून बरीच हुज्जत घातली. मी खोके परत पाठवले.

एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि औषधांच्या खोक्यांवर छापलेले असते, '३० अंशांच्या खाली ठेवा'. स्टोअरची खोली पश्चिमेला आहे. दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. एक कूलर आहे, पण कूलरची ओल गोळ्यांना सोसत नाही. त्यामुळे दुपारी कपाटे आतल्या भिंतीला ओढायची, खिडक्यांना ओले पडदे न लावता जाड कापड लावायचे, थर्मामीटर सकाळ-संध्याकाळ बघून वहीत लिहायचे. बाळंतपणात लागणारे ऑक्सिटोसिन आणि इन्शुलिन २ ते ८ अंशांत. कुत्रा चावल्यावरच्या लशीचेही तेच. ती कातडीत टोचायची पद्धत आहे, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, आणि एक कुपी एकाहून अधिक जणांना पुरते. पण एकदा विरघळवली की काही तासांतच वापरावी लागते. त्यामुळे कुत्रा चावलेले लोक शक्यतो एकाच वेळी बोलवायचे. वीज गेली की फ्रीजचे दार कोणी उघडू नये म्हणून मी त्यावर कागद चिकटवते. आपण रुग्णाला दिलेली गोळी आतून खराब झालेली असेल, तर ती बाहेरून तशीच पांढरी दिसते. हे माझ्या मनातून दिवसभर जात नाही.

आणि आषाढी. माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव करत वाखरीला जाते. त्या दिवसांत आमच्या तालुक्यातले प्रत्येक आरोग्य केंद्र राबत असते. महिनाभर आधीपासून ओआरएस, पॅरासिटामॉल, जुलाबाच्या आणि पित्ताच्या गोळ्या, मलम, बँडेज यांचे हिशेब सुरू होतात. पण खरा कस लागतो तो गोळ्या घरी विसरून आलेल्या म्हाताऱ्या वारकऱ्यांपाशी. "पांढरी हाय, बारकी हाय, सकाळी घेतो" एवढ्यावर औषध ओळखता येत नाही आणि ओळखल्यासारखे करून देताही येत नाही. मग घरी फोन लावायचा. नातू फळीवरची स्ट्रिप हातात घेऊन इंग्रजी अक्षरे एकेक करून वाचतो, मी इकडे लिहून घेते, डॉक्टरांना दाखवते. विठ्ठलाच्या वाटेवरचा माणूस आहे, त्याची साखर वाढून तो रस्त्यात पडता कामा नये.

प्रत्येक खोक्याचा बॅच नंबर आणि मुदत लिहून घेणे हे काम लोकांना कारकुनी वाटते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले होते. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होते. न्या. लेंटिन आयोग त्यावरच बसला होता. डी. फार्म.ला हे प्रकरण आम्हाला शिकवले गेले, तेव्हापासून बॅच नंबर लिहिताना माझा हात घाई करत नाही. उद्या एखादी बॅच खराब निघाली तर ती कोणाकोणाच्या घरी गेली, हे त्या नोंदीवरूनच कळणार. म्हणूनच रुग्णांना सुट्या गोळ्या पुडीत बांधून द्यायला माझा जीव होत नाही. स्ट्रिप कापावीच लागली तर ज्या टोकाला मुदत छापली आहे ते टोक रुग्णाकडे जाते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून देते, किती गोळ्या ते टिंबांनी.

आता मूळ मागणीकडे येते. माझ्या मामेबहिणीची मुलगी इंग्लंडमध्ये एका रुग्णालयात फार्मसी टेक्निशियन आहे. तिकडे हा व्यवसाय नोंदणीकृत आहे, २०११ पासून नोंदणी सक्तीची आहे. सुट्टीत आली होती तेव्हा तिने मला कामाची पद्धत सांगितली. औषध काढणारा एक आणि ते तपासून रुग्णाच्या हाती जाऊ देणारा दुसरा. ज्याने काढले त्याने स्वतःच तपासायचे नाही. आपण जे काढले ते बरोबरच आहे असे आपल्या डोळ्यांना वाटत असते, म्हणून दुसऱ्याच्या नजरेखालून जाऊ द्यायचे. मला त्यांच्या यंत्रांचे, इमारतीचे काही वाटले नाही. या एका गोष्टीचा मात्र हेवा वाटला. माझ्याकडे काढणारी मी, तपासणारी मी, समजावणारी मी आणि नोंदवणारीही मीच. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. फार चांगला निर्णय. पूर्वी पैशापायी दुखणे अंगावर काढणारे लोक आता येतात, हे मी रोज बघते. रांग वाढली ती त्यामुळेही. खिडकीमागची माणसे मात्र होती तेवढीच राहिली, काही ठिकाणी कमी झाली.

यावर कोणी म्हणेल, एखादा शिपाई बसवा गोळ्या द्यायला. नको. फार्मसी कायदा १९४८ च्या कलम ४२ प्रमाणे चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे आहे, आणि तो नियम रुग्णासाठी आहे. आपल्याकडे डी. फार्म., बी. फार्म. झालेल्या मुलामुलींची कमतरता नाही. आमच्याच तालुक्यात नोंदणी झालेली कितीतरी मुले तुटपुंज्या पगारावर कुठल्या तरी दुकानात उभी आहेत, नाहीतर आपले प्रमाणपत्र भाड्याने देऊन दुसरेच काम करतात. भाड्याच्या सहीचा हा प्रकार मला अतिशय लाजिरवाणा वाटतो. भिंतीवर एकाचे नाव आणि काउंटरवर भलताच कोणी. ही मुले रुग्णालयांत घ्या. रिकामी पदे भरा. जिथे ओपीडी मोठी आहे तिथे खिडकीमागे दोघे असू द्या, म्हणजे एक काढील आणि दुसरा तपासून, समजावून देईल. बीपी-साखरेच्या ज्या रुग्णांना महिन्याच्या महिन्याला त्याच गोळ्या लागतात, त्यांच्यासाठी ठरावीक वारी दुपारची वेगळी वेळ ठेवली तर सकाळची निम्मी रांग हलेल, असा माझा अंदाज आहे. याला पैसा फारसा लागत नाही, माणूस लागतो.

आपल्याला विनंती, की रुग्णालयांतल्या रिक्त पदांची बातमी देताना डॉक्टर आणि परिचारिकांबरोबर औषध निर्माण अधिकाऱ्यांच्या पदांचा आकडाही तालुकावार छापावा. तो माहितीच्या अधिकारात कोणालाही मिळू शकतो. आकडा छापून आला की लोकप्रतिनिधींना विचारायला सोपे जाते.

आणि रांगेत उभ्या राहणाऱ्या वाचकांना माझे सांगणे. घरातली सगळी औषधे, खासगी डॉक्टरांचीसुद्धा, पिशवीत घालून आणा आणि खिडकीत दाखवा. मुलाचे वजन करून केसपेपरवर लिहून घ्या. रुग्णालयातून मिळालेली ओआरएसची मोठी पुडी अर्धी-अर्धी ग्लासात टाकू नका, पूर्ण पुडी एक लिटर पाण्यातच. झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी १४ दिवस द्या. रक्तवाढीच्या गोळ्यांनी शौचाला काळी होते, त्याला घाबरून गोळ्या सोडू नका, फक्त चहाबरोबर घेऊ नका. समजले नाही तर पुन्हा विचारा. मागचा माणूस ओरडला तरी विचारा, मी उत्तर देईन.

आपली,
एक औषध निर्माण अधिकारी,
माळशिरस तालुका, जि. सोलापूर